एस्टोनियात ई-गव्हर्नन्सचं मास्टर्स करायचंय पण कोडिंग येत नाही, काय करू?

तू तीन गोष्टी विचारल्यास: कोडिंग फारसं येत नसताना हे झेपेल का, एस्टोनियाच का, आणि नंतर नोकरीचं काय. आणि शेवटी जाता जाता लिहिलंस की सध्या सांगलीत सेतू केंद्रात कंत्राटावर दाखल्यांचे अर्ज भरायचं काम करतोयस, "पण तो काही अनुभव धरत नसतील". अरे धरतात! माझं ऐकशील तर तुझ्याकडचा सगळ्यात भारी माल तोच आहे, बाकी आयटीची डिग्री काय रग्गड लोकांकडे असते.

माझंच सांगते. मी एस्टोनियाच्या राजधानीत, टालिनला, टॅलटेकमध्ये आले (टालिन युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीला इथे सगळे टॅलटेकच म्हणतात) तेव्हा मला वाटायचं की इथे पोर्टल कसं बनवायचं, अ‍ॅप कसं बनवायचं ते शिकवतील. पहिल्याच सेमिनारला प्रत्येकाने आपल्या देशातली एक सरकारी सेवा सांगायची होती, मी उत्पन्नाचा दाखला घेतला. आपले सरकार पोर्टल दाखवलं, तलाठ्याचा अहवाल, स्वयंघोषणापत्र, मग डिजिटल सहीचा पीडीएफ येतो, त्याची प्रिंट काढून स्कॉलरशिपच्या फॉर्मला जोडायची, सगळं अगदी अभिमानाने सांगितलं कारण आमच्या आईच्या वेळी याच दाखल्याला चार हेलपाटे पडायचे. प्राध्यापकांनी शांतपणे विचारलं, दाखला देणारंही सरकार आणि मागणारंही सरकार, मग मधे कागद घेऊन हा मुलगा का फिरतोय? मला उत्तरच सुचेना. दाखला ऑनलाइन मिळणं वेगळं आणि दाखलाच न लागणं वेगळं, आणि दोन वर्षं आम्ही फिरून फिरून हेच शिकलो. माझा थिसिसही शेवटी त्या दाखल्यावरच झाला.

इथे कायद्यातच आहे की एका सरकारी खात्याकडे जी माहिती आधीच जमा आहे ती गोळा करायला दुसऱ्याने वेगळा डेटाबेस काढायचा नाही, लागली तर पहिल्याकडून मागून घ्यायची. ती मागायची सोय म्हणजे एक्स-रोड, २००१ पासून चालू आहे. बाहेरच्यांना वाटतं की कुठेतरी एक मोठ्ठा सर्व्हर असेल आणि सगळ्यांची कुंडली त्यात, तसं बिलकुल नाही. लोकसंख्येचं रजिस्टर वेगळं, जमिनीचं वेगळं, गाड्यांचं वेगळं, प्रत्येक जण आपापलं सांभाळतो आणि दुसऱ्याने विचारलं तर तेवढ्यापुरतं उत्तर देतो. प्रत्येक विचारण्यावर डिजिटल सही असते, वेळेसकट नोंद राहते. आणि बऱ्याच रजिस्टरांच्या बाबतीत तुझी माहिती कुठल्या खात्याने कधी बघितली ते तुला स्वतःला सरकारी पोर्टलवर लॉगिन करून दिसतं. मूल जन्मलं की जन्माची नोंद होते आणि २०१९ पासून तर भत्त्यासाठी अर्जही करावा लागत नाही, खातंच तुम्हाला विचारतं की हे हे मिळणारे, मान्य आहे का. अर्जच नाही म्हटल्यावर सेतू केंद्र तरी कशाला लागतंय, कळलं ना?

म्हणून कोडिंगचं एवढं टेन्शन घेऊ नको. डेटाबेस म्हणजे काय, एपीआय (दोन सिस्टिम एकमेकींकडून माहिती मागतात ती सोय) म्हणजे काय, डिजिटल सहीच्या 'प्रायव्हेट की' आणि 'पब्लिक की' अशा दोन किल्ल्या असतात ती काय भानगड, एवढं कळायला हवं आणि ते शिकता येतं. आमच्या वर्गात वकील होते, सरकारी नोकरीतून रजा घेऊन आलेले होते, आणि खरं सांगायचं तर कायदा आणि लोकप्रशासनाच्या विषयांना आम्ही आयटीवालेच गटांगळ्या खायचो. जीडीपीआर (युरोपचा खाजगी माहिती जपायचा कायदा), सरकारी खरेदी, खात्याखात्यांमधली भांडणं, असं भरपूर वाचायचं आणि त्यावर लिहायचं असतं. आठवड्याला शंभरेक पानं इंग्रजीत वाचायचा कंटाळा असेल तर मात्र आत्ताच विचार कर.

एस्टोनियाच का, तर हे सगळं इथे रोज वापरायला मिळतं. आयडी कार्ड (२००२ पासून आहे) पोलीस आणि सीमा सुरक्षा खातं देतं, त्याला दोन पिन असतात, पहिला ओळख पटवायला आणि दुसरा सही करायला, आणि ती सही कायद्याने हातच्या सहीइतकीच पक्की. मतदानसुद्धा २००५ पासून इंटरनेटवर, २०२३ च्या संसदेच्या निवडणुकीत तर निम्म्याहून जास्त मतं ऑनलाइन पडली. पण भारावून जाऊ नको हं. अख्ख्या देशाची लोकसंख्या साधारण १३.७ लाख, म्हणजे तुझ्या सांगली जिल्ह्याच्या निम्मीसुद्धा नाही, त्यामुळे "इथे झालं मग आपल्याकडे का नाही" असं कोणी म्हटलं की मी गप्प बसते. शिवाय २०१७ मध्ये कार्डाच्या चिपमध्येच दोष निघाला, साडेसात लाखांवर कार्डं त्यात सापडली, कार्डातली डिजिटल सर्टिफिकेटं (ज्यांच्यावर ओळख आणि सही चालते ती) थांबवून नव्याने अपडेट करावी लागली. त्यांनी ते लपवलं नाही, लोकांना उघड सांगितलं, आणि ही केस वर्गात शिकवतात ते मला जास्त आवडलं. आणि गंमत बघ, एवढ्या डिजिटल देशात मला साधं बँक खातं उघडायला पाच आठवडे लागले, एका बँकेने तर कारण न देताच नाही म्हटलं. भारतातून येताना दोन-तीन महिने निघतील एवढे पैसे वापरता येतील अशी सोय करूनच ये.

फी दर वर्षी बदलते ती साइटवरच बघ. पण पैशांची अडचण असेल तर पायोनियर नावाचा इरास्मस मुंडस (युरोपियन युनियनच्या पैशांवर चालणारी संयुक्त मास्टर्सची योजना) कोर्स आहे तो आधी बघ. ल्यूव्हन, म्युन्स्टर आणि टालिन अशा तीन युनिव्हर्सिट्या मिळून चालवतात, म्हणजे बेल्जियम, जर्मनी, एस्टोनिया तिन्हीकडे शिकायचं. इरास्मस मुंडसची स्कॉलरशिप मिळाली तर महिना १४०० युरो येतात आणि फीही नाही. स्पर्धा तगडी आहे, पण अर्जात "मला डिजिटल इंडियासाठी योगदान द्यायचंय" असलं काही लिहू नको, हजार जण तेच लिहितात. तुझ्या खिडकीवर एकच माणूस त्याच कागदांसाठी तिसऱ्यांदा का येतो ते लिही, आणि तो तिसरा हेलपाटा नेमका कुठल्या नियमामुळे पडला ते शोधून लिही.

आता नोकरी. इथे जरा कडू बोलते. सरकारी अधिकारी होता येईल हे डोक्यातून काढून टाक, ती पदं मुळात एस्टोनियन नागरिकांसाठी आणि काही ठिकाणी युरोपियन युनियनवाल्यांसाठी, आणि वर एस्टोनियन भाषा उत्तम यावी लागते. भाषेला चौदा विभक्त्या आहेत, आपल्याला शाळेत आठ पाठ करताना घाम फुटायचा! आपल्यासारख्यांना जागा आहे ती खाजगी कंपन्यांत, सायबरनेटिका, नॉर्टाल यांसारख्या, ज्या इथल्या आणि दुसऱ्या देशांच्या सरकारांसाठी सिस्टिम बनवतात. तिथे बिझनेस अ‍ॅनालिस्ट, सर्व्हिस डिझाइन असली कामं इंग्रजीत निघतात, पण खूप नाहीत. माझ्या बॅचचे निम्मे तरी परत गेले किंवा दुसऱ्या देशात गेले. मला आठ महिन्यांनी मिळाली आणि त्यातले शेवटचे दोन महिने रात्रीची झोप नव्हती. डिग्रीनंतर थांबायची मुदत आणि शिकताना काम करायचे नियम बदलत असतात, ते पोलीस आणि सीमा सुरक्षा खात्याच्या साइटवरच बघ, एजंटचं ऐकू नको.

राहायचं म्हणशील तर कॅम्पस मुस्तामाएला, सोव्हिएत काळातल्या एकसारख्या इमारतींचा भाग. टालिनमध्ये रहिवास नोंदवला की शहरातली बस फुकट. डिसेंबरात नऊनंतर उजाडतं आणि साडेतीनच्या आत अंधार. थंडी कपड्यांनी भागते रे, अंधार नाही भागत. पहिल्या वर्षी मी नोव्हेंबरात घरी फोन करून उगाच रडायचे.

तू पुढच्या सप्टेंबरचं म्हणतोयस तर इरास्मसचे अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत असतात. आजच तुझ्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सक्रिप्टचा (सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा) अर्ज टाक. माझा अर्ज त्यापायीच जवळजवळ हुकला होता, तीन खिडक्या झाल्या आणि तिसरीवर पहिल्या खिडकीचाच शिक्का मागितला.