वाचकांचे प्रश्न : मीटरखोलीतली पिल्लं आणि मागे राहिलेली मांजर

प्रश्न : इमारतीच्या मीटरखोलीत चार पिल्लं आहेत. आई कालपासून दिसली नाही. घरी आणावीत का? दूध कोणतं द्यावं? (एक वाचक, डोंबिवली)

लगेच उचलू नका. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात ते उगाच नाही. ती एकेक पिल्लू तोंडात धरून हलवते आणि मधल्या खेपेत उरलेली पिल्लं बेवारस वाटतात. शिवाय दारात चार माणसं वाकून बघत असली तर ती फिरकतच नाही. पिल्लांभोवती कणकेचं पातळ रिंगण घाला, तिथून निघून जा आणि दोन-तीन तासांनी पंजाचे ठसे बघा. (रांगोळी नको, पाय चाटताना पोटात जाते.) पोटं गोल आणि पिल्लं गाढ झोपलेली असतील तर आई येऊन गेली असं समजा. अंग गार, पोट खपाटीला आणि रडणं अखंड, असं असेल तर मात्र थांबू नका.

उचलल्यावर आधी ऊब, मग दूध. गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे फार उकडलं तर पिल्लाला सरकता येतं. गाईचं दूध टाळा. त्याने जुलाब होतात आणि इतक्या लहान जिवाच्या अंगातलं पाणी दिवसभरातच आटतं. प्राण्यांच्या औषधांच्या दुकानात मांजराच्या पिल्लांची दूध पावडर मिळते. ती डब्यावरच्या मापाने कालवून कोमट करा. एका वेळी १०० ग्रॅम वजनाला साधारण ४ मिली पुरे, आणि डोळे न उघडलेल्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पाजताना पिल्लू पालथंच हवं. तान्ह्या बाळासारखं उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं, आणि हाताने पाजलेली बरीच पिल्लं अशीच दगावतात. तीन आठवड्यांखालच्या पिल्लाला आपणहून शी-शू होत नाही. प्रत्येक वेळी दूध पाजल्यावर कोमट ओल्या कापसाने खालची जागा हलके पुसा.

वय ओळखायला स्वयंपाकघरातला वजनकाटा चालतो. जन्मतः सुमारे १०० ग्रॅम, चार आठवड्यांना ४०० ते ४५०, आठ आठवड्यांना ८०० ते ९००. आठ आठवड्यांआधी कोणालाही देऊ नका, ‘आम्हाला लहानच हवं’ म्हणणाऱ्यांना तर नाहीच. चावताना दात कितपत लावायचे हे पिल्लू भावंडांकडूनच शिकतं. आणि आई सापडली तर पिल्लं खायला लागताच तिचं नसबंदीचं ऑपरेशन करून घ्या. गाभणकाळ ६३ ते ६५ दिवसांचा असतो आणि अंगावर पाजत असतानाही ती पुन्हा गाभण राहते. पिल्लांना घरं शोधून आईला तसंच सोडणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

प्रश्न : शेजारचे भाडेकरू घर सोडताना तीन-चार वर्षांची मांजर मागे ठेवून गेले. तिला घर कसं मिळवून द्यावं? (एक वाचक, कोथरूड)

जाहिरात सगळ्यात शेवटी. आधी डॉक्टरांकडून कातडीखाली मायक्रोचिप (मालकाची ओळख पटवणारी चकती) आहे का ते तपासून घ्या, नसबंदी झाली नसेल तर करून घ्या, तीन रोगांची एकत्र लस आणि रेबीजची लस द्या. घरात दुसरी मांजर असेल तर ही १४ दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांत. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू घरात वर्षभरही टिकतो, आणि लस नसलेलं पिल्लू त्यातून क्वचितच वाचतं. पिसवा दिसल्या तर कुत्र्यांचे पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असलेले थेंब लावू नका, मांजराला ते विष आहे.

फोटो दिवसाउजेडी, खिडकीपाशी, तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढा. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत सगळी मांजरं भेदरलेली दिसतात. मजकुरात खोडही लिहा: सोफा ओरबाडते, कुत्रा चालत नाही. खोड लपवली तर मांजर आठवड्यात परत येते. ‘फुकट’ हा शब्द नको.

फोन आला की चार गोष्टी विचारा. घरातले सगळे तयार आहेत का? भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगी? मे महिन्यात गावी जाता तेव्हा खायला कोण घालणार? आणि खिडक्यांना जाळी? मांजर कसंही पडलं तरी चार पायांवर, हे खरं, पण सहाव्या मजल्यावरून पडल्यावर जबडा आणि छाती फुटायची ती फुटतेच. कबुतरांसाठीची नायलॉनची जाळी मांजर कुरतडते. तारेची जाळी हवी, आणि सरकत्या खिडकीची फटही बंद हवी. मांजर पोचवायला स्वतः जा आणि जाळी हाताने दाबून बघा. ‘पुढच्या महिन्यात लावू’ म्हणाले तर मांजरही पुढच्या महिन्यात.

प्रश्न : तीन पिल्लं गेली, काळं राहिलं. लोक अपशकुन म्हणतात. (एक वाचक, सातारा)

समजूत घालण्यात वेळ दवडू नका. ज्यांना पटत नाही त्यांच्याकडे ते सुखात राहणार नाही. काळं पिल्लू फोटोत नुसता ठिपका दिसतं, म्हणून फिक्या चादरीवर, डोळ्यांत उजेड येईल असं बसवा. पुढच्या वेळी काळं पिल्लू भावंडासोबत जोडीनेच द्या. जोडी एकमेकांत खेळते, पडदे वाचतात.

प्रश्न : सोसायटीच्या सभेत मांजरं पोत्यात भरून मासळी बाजारात सोडायचं ठरतंय. (एक वाचक, ठाणे)

बाजारातल्या बोक्यांनी हद्द आधीच वाटून घेतलेली असते. नवखं मांजर मार खातं, रस्ता ओलांडून घरची वाट धरतं आणि गाडीखाली येतं. इकडे कचऱ्याचा डबा उघडाच असेल तर मोकळ्या जागेत दुसरी मांजरं येतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी सोडून देणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र अजून १० ते ५० रुपयेच, त्यामुळे सभेत कायद्यापेक्षा कचऱ्याचं झाकण आणि नसबंदीचा खर्च यावर बोला. नसबंदी झालेल्या मांजराच्या कानाचं टोक कापलेलं असतं. त्यामुळे तेच मांजर पुन्हा पकडलं जात नाही.

प्रश्न : दिलेली मांजर तीन दिवसांत परत आली. ‘पलंगाखालून निघतच नाही’ म्हणतात. (एक वाचक, नाशिक)

पहिल्याच दिवशी तिला सगळं घर मोकळं दिलं असणार. आठवडाभर एकच खोली, त्यात लपायला खोकं. वाळूचा ट्रे आणि खाण्याची वाटी दोन टोकांना. हाताने ओढून काढायचं नाही. दिवसभरात काहीच खाल्लं नाही तर मात्र डॉक्टर. पुन्हा देताना जुन्या ट्रेमधली दोन मुठी वाळू आणि तिच्या अंगाखालचं न धुतलेलं फडकं सोबत द्या.