सगळे चुकीचे आणि मी एकटाच शहाणा?

प्रश्न : दादा नमस्कार. अशोक चौकाच्या मागं आमचे टॉवेलचे आठ माग आहेत, वडील जॉबवर्क करतात म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, आम्ही विणून द्यायचं आणि मजुरी घ्यायची. माझ्या दोन मित्रांनी चहाची फ्रँचायझी घेतली, आता घरात सगळे म्हणायलेत माग भंगारात घाल आणि तू पण घे. फी पाच लाख. मला मनातनं नको वाटतंय, पण सगळे चुकीचे आणि मी एकटाच शहाणा असं कसं असेल?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : भावा, सगळे म्हणतात म्हणून घेणं जसं चुकीचं तसं मनातनं नको वाटतंय म्हणून नाकारणं पण चुकीचंच, दोन्हीत हिशोब कुठाय?

मी स्वतः यात हात पोळून घेतलाय. सांगोल्याकडं आमची दोन एकर, आजूबाजूला सगळ्यांनी डाळिंब लावलं, गाड्या घेतल्या, मग मी पण लावलं आणि सगळे धरतात म्हणून मृग बहार धरला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर झाडाला फुलं आणायची. पावसात तेल्या आला. तो जिवाणूचा रोग, पावसाच्या उडणाऱ्या थेंबांनी झाडाझाडांवर पसरतो, बाग डोळ्यादेखत गेली. बांधाला लागून एक म्हातारा होता, त्यानं पण डाळिंबच लावलेलं बरं का, पण पावसाळ्यात झाडं विश्रांतीला ठेवली आणि हस्त बहार धरला, म्हणजे फुलं पाऊस सरता सरता आणि फळ पोसायच्या वेळी हवा कोरडी. लोकं हसायची त्याला, मी पण हसलो. त्याचा माल गेला मुंबईला आणि मी औषधाची उधारी फेडत बसलो. पीक तेच, फक्त रोग कधी आणि कशानं पसरतो एवढं त्यानं बघितलं.

आता तुझा चहा. भाडं 18 हजार धर, दोन पोरांचा पगार 24, लाईट गॅस किरकोळ 8, झाले 50 हजार. दूध साखर कप सगळं वजा जाता एका चहामागं 4 रुपये सुटले तर महिन्याला 12,500 कप, म्हणजे रोज चारशेच्या वर, तेव्हा कुठं खर्च निघतो. त्यात तुझा पगार नाही आणि ते पाच लाख पण नाहीत. आकडे माझे अंदाजाचे, तू मित्राचे खरे घाल. आणि मित्राला धंदा कसा चाललाय विचारू नकोस, मस्त म्हणणार, पाच लाख भरलेला माणूस दुसरं काय म्हणेल.

मागाला पण हीच फूटपट्टी लाव, वडिलार्जित आहे म्हणून सूट नाही. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय आहे, म्हणजे त्या गावच्या मालाच्या नावाची सरकारी नोंद, याचा अभिमान ठीक आहे, पण बाहेर विणलेला स्वस्त माल पण सोलापुरी म्हणून राजरोस विकतात आणि जॉबवर्कवाल्याला त्या नावाचा एक रुपया जास्त मिळत नाही. तुझी अडचण माग नाहीये रे, भाव दुसरा ठरवतो ही आहे. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूरला किती लॉज आहेत, त्यांना टॉवेल लागतोच, तो कुठनं घेतात, किती जीएसएमचा म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम वजनाचा, किती धुण्यात विरतो, हे तुमच्या गल्लीत कुणी जाऊन विचारलंय का? दहा लॉजवाल्यांना भेट. तिघांनी जरी ऑर्डर दिली तरी आठातले दोनच माग स्वतःच्या सुतावर घाल, सहा जॉबवर्कला राहू देत, घर त्याच्यावर चालतंय. एकानं पण दिली नाही तर तेवढे एसटीचे पैसे गेले समज, आणि मग माग विकायचं वडिलांशी बोल, मी अडवणार नाही.

चहाचं पण नुसतं माझं ऐकून सोडू नकोस. एखाद्या मंगळवारी मित्राच्या दुकानासमोर सकाळी सहापासून बस आणि कप मोज. फक्त गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसात मोजू नकोस, तेव्हा कुणाचाही चहा खपतो.