कार्बन फायबर एवढं मजबूत असतं तर दाबल्यावर त्याचा आकडा निम्म्यावर का येतो?

तुम्ही विचारलंय की विमानाच्या पंखासाठी कार्बन-इपॉक्सीचे (इपॉक्सी म्हणजे धागे धरून ठेवणारं रेझिन) कूपन, म्हणजे टेस्टसाठी कापलेल्या पट्ट्या, दाबून बघितले तर डेटाशीटवरच्या टेन्साइल स्ट्रेंग्थच्या (ओढतानाच्या ताकदीच्या) निम्मंसुद्धा मिळत नाही, मग मटेरियल खराब आहे का, आणि जास्त भारी फायबर घेतला तर भागेल का. मी कॉम्पोझिट टेस्टिंगमध्येच काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मटेरियल बहुतेक ठीकच असेल. नुसत्या धाग्याचा जो पाच हजार मेगापास्कलच्या पुढचा आकडा छापतात तो ओढून काढलेला असतो. तोच धागा इपॉक्सीत एका दिशेला बसवला की चांगलं लॅमिनेट (थरांवर थर चिकटवलेली पट्टी) ओढताना २५०० च्या आसपास जातं आणि दाबताना १५०० च्या आसपास आटपतं. कारण ओढताना काम फायबर करतो, दाबताना सगळी मदार रेझिनवर आणि फायबर किती सरळ बसलाय त्यावर. खराट्याच्या काड्यांची जुडी उभी धरून वरून दाबली तर काड्या चिरडत नाहीत, आधी बाजूला वाकतात, जुडी जितकी घट्ट बांधलेली तितका वेळ टिकते. इथे काडी ५ ते ७ मायक्रॉनची आहे आणि बांधणारी दोरी म्हणजे रेझिन, बस.

१९६५ मध्ये रोझेन या संशोधकाने हिशोब मांडला की फायबर अगदी सरळ धरले तर कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंग्थ (दाबातली ताकद) म्हणजे रेझिनचा शिअर मॉड्युलस (बाजूला सरकवताना ते किती ताठ राहतं तो आकडा) भागिले रेझिनचा हिस्सा. मॉड्युलस १.५ गिगापास्कल आणि रेझिन ४० टक्के धरलं तर ३७५० मेगापास्कल येतात, जे कुणालाच कधी मिळत नाहीत! मग १९७२ मध्ये आर्गनने सांगितलं की फायबर मुळातच थोडे तिरके असतात, त्यामुळे स्ट्रेंग्थ म्हणजे रेझिनची शिअरमधली यील्ड (ज्या ताणाला ते कायमचं ढिलं पडायला लागतं तो आकडा) भागिले तो तिरकेपणा. यील्ड ६० मेगापास्कल आणि तिरकेपणा २ अंश, म्हणजे ०.०३५ रेडियन, धरा, १७०० च्या आसपास येतं. तेच ३ अंश केलं की ११५० वर आलात. एका अंशात साडेपाचशे गेले आणि हा एक अंश ले-अप करताना, म्हणजे थर एकावर एक रचताना, थर जरा सुरकुतला तरी येतो. तुटलेलं कूपन मायक्रोस्कोपखाली बघा, फायबर एका तिरप्या पट्ट्यात सगळे मिळून मोडलेले दिसतील, त्यालाच किंक बँड म्हणतात.

म्हणून फायबर बदलून फार काही हाती लागत नाही. हाय मॉड्युलस (जास्त ताठ) फायबर उलट दाबात मागे पडतात आणि अरामिड (केव्हलार वगैरे) तर ओढताना जेवढं घेतं त्याच्या साधारण पाचव्या हिश्श्यावरच हात टेकतं. बोरॉन मात्र दाबात जबरदस्त, त्याची जाडीच १०० मायक्रॉनच्या वर असते, एफ-१४ या लढाऊ विमानाच्या आडव्या शेपटीला तो वापरला होता, पण महाग आणि छोट्या वळणावर वाकत नाही.

रेझिनवर मदार असल्याचा दुसरा त्रास म्हणजे ओलावा. इपॉक्सी हवेतलं पाणी शोषतं, गरम झाल्यावर आणखी मऊ पडतं, म्हणून विमानवाले कूपन ओलाव्याने भरून साधारण ८२ अंश सेल्सिअसला दाबतात आणि तो आकडा धरतात, कोरड्या खोलीतला नाही.

आणि सगळ्यात मोठा घोळ इम्पॅक्टचा. मेंटेनन्सवाल्याच्या हातून पान्हा पडला तर वर खड्डा जेमतेम दिसतो पण आत थर सुटलेले असतात, आणि पंखाचं वरचं स्किन तर उड्डाणात कायम दाबातच असतं. सुटलेला थर पातळ असतो, तो स्वतःच्या स्वतः बकल होतो, म्हणजे बाजूला वाकून फुगतो, आणि फट पसरत जाते. त्यासाठी १५० बाय १०० मिलिमीटरच्या प्लेटवर वजन टाकून नंतर ती दाबायची टेस्ट असते, तिथे आजचे टफन्ड (सहज तडा न जाणाऱ्या) रेझिनवालेसुद्धा साधारण २०० ते ३०० मेगापास्कलमध्येच असतात. मघाच्या १५०० शी याची तुलना करू नका, इथे थर वेगवेगळ्या दिशांचे असतात, पण तरीही घट केवढी ते बघा! म्हणून एक टक्क्याच्या वर स्ट्रेन (लांबीतला बदल) घेऊ शकणारं मटेरियल डिझाइनमध्ये ०.३ ते ०.४ टक्क्यांवर अडवून ठेवतात, आणि माझ्या मते हे बरोबरच आहे, वजन वाढतं म्हणून कितीही कुरकुर होऊ दे. पैसे घालायचेच असतील तर टफ रेझिन आणि नीट ले-अपमध्ये घाला.

आता तुमच्या कूपनचं. आकडा खरंच ५०० च्या खाली येत असेल आणि थर एकाच दिशेचे असतील तर आधी टेस्टवरच शंका घ्या. दोन्ही बाजूंना स्ट्रेन गेज (स्ट्रेन मोजायची चिकटपट्टी) लावा, दोघांत फरक पडून बेंडिंग १० टक्क्यांच्या वर गेलं तर ते कूपन धरू नका. मधला मोकळा भाग १३ मिलिमीटरच्या आसपास ठेवा, लांब ठेवला तर पट्टीच वाकते आणि तुम्ही बकलिंग मोजत बसता. टोकं कुंच्यासारखी फुटली असतील तर लोड नुसता टोकातूनच गेलाय, मग टॅब (टोकांना चिकटवायच्या जाड पट्ट्या) लावून कंबाइन्ड लोडिंगचा फिक्श्चर (कूपन पकडायचं साधन) वापरा, ज्यात काही लोड बाजूच्या पकडीतून जातो. एवढं करूनही आकडा कमीच आला तर कूपनची कड घासून पॉलिश करा आणि फायबर किती अंश वाकडे आहेत ते मोजा.