बायकोच्या नोकरीमुळे जर्मनीला जातोय, माझे ग्राहक मात्र पुण्यातलेच. कर भारतात भरला की झालं ना?

नाही, तेवढ्याने होत नाही.

तुम्ही लिहिलंय, "ग्राहक भारतातले, पैसे भारतातल्या खात्यात, पॅन भारताचं, टीडीएसही कापला जातो, मग जर्मनीचा संबंध येतोच कुठे?" हे वाक्य मी जवळजवळ याच शब्दांत आमच्या मोठ्या दिरांकडून ऐकलंय. ते पुण्यात करसल्लागार आहेत, पंचवीस वर्षं प्रॅक्टिस करतात. त्यांच्या या वाक्यावर मी दोन वर्षं विसंबले. म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

मी टूल डिझायनर आहे. चाकणच्या दोन कारखान्यांसाठी जिग आणि फिक्श्चरची, म्हणजे मशीनवर काम पक्कं धरून ठेवणाऱ्या साधनांची, डिझाइनं करते. जानेवारी २०२२ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे श्टुटगार्टजवळ राहायला आले. काम तेच राहिलं, ग्राहक तेच राहिले, फक्त टेबल बदललं. उन्हाळ्यात पुण्यात नऊ वाजतात तेव्हा इथे साडेपाच असतात, हिवाळ्यात साडेचार. त्या वेळेला हेडफोन लावून मी शॉप फ्लोअरवरच्या माणसाशी क्लॅम्पच्या जागेवरून वाद घालत असे, आणि घरात सगळे झोपलेले असत. सासरी मात्र याला "घरबसल्या थोडंफार करते" असंच म्हणत. वर्षाला अठरा लाखांची बिलं होती. थोडंफार नव्हतं.

निघण्याआधी मी भाऊजींना विचारलं होतं की तिकडे काही नोंदणी करावी लागेल का. ते म्हणाले, "तुझं उत्पन्न भारतीय आहे. कंपनी दहा टक्के टीडीएस कापते, मी रिटर्न भरतो, विषय संपला. तिकडे उगाच तोंड उघडू नकोस." मग दोन्ही वर्षं त्यांनी मला निवासी दाखवून ४४एडीए खाली, म्हणजे छोट्या व्यावसायिकांच्या ठोक हिशोबाच्या कलमाखाली, आयटीआर-४ भरला. निम्मी रक्कम उत्पन्न धरली, त्यातून ८०सी ची वजावट घेतली, आणि एक लाखाच्या वर रिफंड आला. जेवणाच्या टेबलावर त्या रिफंडचं कौतुक झालं. मीही झाले खूश.

२०२४ च्या ऑक्टोबरात एका कारखान्यात नवे ऑडिटर आले. त्यांनी माझी तीन बिलं अडवली. बिलावर पत्ता जर्मनीचा आणि टीडीएस १९४जे खाली, म्हणजे निवासी माणसाचा, हे कसं? त्यांचा मेल नीट शब्दांत होता: कर-निवासाचा दाखला (करासाठी कोणत्या देशाचे निवासी आहात याचा) आणि फॉर्म १०एफ (दोन देशांमधल्या कराराचा फायदा घेताना द्यायचा) द्या, नाहीतर आम्हाला कलम १९५ खाली, म्हणजे अनिवासीला पैसे देताना लागणाऱ्या, २० टक्के आणि वर सेस, म्हणजे २०.८ टक्के कापावे लागतील. माझ्याशी असं स्पष्ट बोलणारा तो पहिला माणूस होता, आणि त्याचं बरोबर होतं.

दाखला काय, मागितला की मिळेल, असं मला वाटलं. फॉर्म उतरवून घेतला, भरला, आणि आमच्या भागातल्या फिनान्सआम्टमध्ये म्हणजे कर कार्यालयात गेले. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म वाचला, माझ्याकडे वळवला आणि पेन्सिलीचं टोक एका रिकाम्या चौकटीवर ठेवलं. तिथे व्यवसायाचा कर क्रमांक लिहायचा होता. मी म्हटलं, तो नाहीये. त्यांनी विचारलं, "पण तुम्ही स्वतंत्र व्यवसाय करता असं वर लिहिलंय. कधीपासून?" मी म्हटलं, जानेवारी २०२२ पासून. त्या ओरडल्या नाहीत, चेहराही बदलला नाही. त्यांनी फॉर्मच्या कोपऱ्यात ती तारीख लिहिली आणि खाली दोन रेघा मारल्या. त्या दोन रेघा मला अजून दिसतात.

व्यवसाय सुरू केल्यापासून एका महिन्यात नोंद करायची असते, एल्स्टर या सरकारी पोर्टलवर प्रश्नावली भरून. माझे पावणेतीन वर्षं झाले होते. भरीला, आम्ही नवरा-बायको एकत्र रिटर्न भरत होतो आणि त्यात माझं उत्पन्न शून्य होतं. म्हणजे चुकीच्या रिटर्नवर नवऱ्याचंही नाव. घरी येऊन त्याला हे सांगताना मला जे वाटलं ते इथे लिहिणार नाही.

आम्ही लगेच एक जर्मन करसल्लागार गाठला आणि २०२२ व २०२३ ची रिटर्न स्वतःहून दुरुस्त करून दिली. कर कार्यालयाचं विचारणापत्र येण्याआधी गेलो, याचा फायदा झाला. दोन वर्षांचा मिळून सात हजार युरोंच्या वर कर निघाला. पण खरा दणका आरोग्य विम्याचा होता, आणि तो कुणी आधी सांगत नाही. मी नवऱ्याच्या सरकारी विम्यात फुकट सामील होते. त्या सवलतीला तुमच्या स्वतःच्या उत्पन्नाची मर्यादा असते. २०२४ मध्ये ती महिन्याला ५०५ युरो होती. माझं उत्पन्न तिच्या तिपटीहून जास्त होतं. मागच्या तारखेपासूनचे हप्ते भरावे लागले.

इकडे भारतात ४४एडीए हे फक्त निवासींसाठी आहे. मी निवासी नव्हतेच, मग तो रिफंडही माझा नव्हता. २०२२-२३ साठी अपडेटेड रिटर्न, म्हणजे मुदत उलटल्यावर चूक दुरुस्त करायचं रिटर्न, भरलं, त्यावर २५ टक्के जादा कर लागला. २०२३-२४ चं रिटर्न डिसेंबर २०२४ च्या मुदतीत सुधारता आलं.

आता तुमचं. निवास ठरतो तो तुम्ही कुठे राहता त्यावर. पॅन, बँक खातं, ग्राहकाचा पत्ता, कोणत्या चलनात पैसे येतात, यातलं काहीही ते ठरवत नाही. भारतात दिवस मोजतात, जर्मनीत तुमचं राहतं घर बघतात. तुम्ही तिथे घर घेऊन पत्त्याची नोंद केलीत की जर्मनीच्या दृष्टीने निवासी, आणि मग जगातलं सगळं उत्पन्न त्यांच्या रिटर्नमध्ये दाखवायचं, पुण्यातून आलेलंही.

पण याचा अर्थ भारत हात झटकतो असा नाही. तुम्ही परदेशात बसून तांत्रिक सेवा दिलीत आणि पैसे भारतातल्या कंपनीने दिले, तर आपला कायदा ते उत्पन्न भारतात उपजलेलं मानतो. काम कुठे बसून केलं याने फरक पडत नाही. म्हणजे दोघेही कर मागणार. इथे दोन देशांमधला करार कामी येतो. भारत-जर्मनी करारात तांत्रिक सेवांच्या शुल्कावर भारताला जास्तीत जास्त १० टक्के घेता येतात. तेवढ्याची वजावट जर्मनी आपल्या करातून देतो.

ही गोष्ट मला आधी कळली असती तर खूप त्रास वाचला असता, म्हणून नीट वाचा: जर्मनी वजावट देतो ती करारातल्या १० टक्क्यांपुरतीच. तुमच्या ग्राहकाने २०.८ कापले तर वरचे १०.८ जर्मनी ओळखत नाही. ते भारतात रिटर्न भरून परत मागायचे. तोवर पैसे अडकले. म्हणून पहिलं बिल पाठवायच्या आधी ग्राहकाच्या अकाउंट्सच्या माणसाशी बोला. त्याला कर-निवासाचा दाखला, पोर्टलवर भरलेला फॉर्म १०एफ आणि भारतात तुमचं कार्यालय नाही असं पत्र लागेल. पैसे बाहेर पाठवताना ग्राहकाने भरायचा फॉर्म १५सीए आणि बहुतेक वेळा सीएचं प्रमाणपत्र, १५सीबी. जर्मन दाखला कॅलेंडर वर्षाचा असतो आणि आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, तेव्हा दोन वर्षांचे दाखले मागून घ्या. माझ्या दुसऱ्या ग्राहकाने हा कागदांचा व्याप नको म्हणून काम बंद केलं. सात वर्षांचा ग्राहक होता. तुमच्याही एखाद्याच्या बाबतीत असं होऊ शकतं, मनाची तयारी ठेवा.

जीएसटी तुम्ही लावायचा नाही. ती ग्राहकाच्या दृष्टीने सेवेची आयात आहे, तो रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने भरायच्या पद्धतीने, भरतो. ग्राहक युरोपाबाहेरची कंपनी असल्यामुळे जर्मन व्हॅटही लागत नाही. बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासीचं रुपयातलं खातं, करून घ्या. फेमा या परकीय चलनाच्या कायद्यात व्यवसायासाठी देश सोडलात की ते करावंच लागतं, आणि त्या कायद्यातले दिवस आयकराच्या दिवसांसारखे मोजत नाहीत. व्हिसावर 'एर्वेर्ब्सटेटिग्काइट एरलाउब्ट' असं छापलेलं आहे का ते बघा, म्हणजे कमाईचं कुठलंही काम करायला परवानगी. जोडीदाराच्या व्हिसावर ते सहसा असतंच.

भाऊजींशी हा वाद अजून मिटलेला नाही. ते म्हणतात, "कुणी विचारलं नसतं तर चाललं असतं." मी याच्या पूर्ण विरोधात आहे, आणि फक्त पैसे गेले म्हणून नाही. त्या दोन वर्षांत जर्मनीच्या कागदोपत्री मी काहीच कमावत नव्हते. घर बदलायला निघालो तेव्हा घरमालकाने दोघांच्या उत्पन्नाचा पुरावा मागितला आणि माझ्याकडे दाखवायला एक कागद नव्हता. पहाटे साडेचारला उठून केलेलं काम कुठेच नोंदलेलं नव्हतं. भाऊजींच्या रिटर्नमध्ये मी पुण्यात राहणारी होते आणि जर्मन रिटर्नमध्ये बिनकामाची बायको. २०२५ च्या फेब्रुवारीत माझ्या नावाचा कर क्रमांक असलेलं पत्र आलं, तेव्हा मी ते फ्रिजवर लावलं. तुम्हीही बायकोच्या मागे जाताय. तुमचं कामही "सोबत थोडंफार" असं म्हणणारे भेटतील, कदाचित भेटलेही असतील. पहिल्या महिन्यात नोंद करा आणि आपल्या नावाचा क्रमांक घ्या.

आणि सल्लागार निवडताना त्याला एवढंच विचारा की माझा निवास तुम्ही कशावरून ठरवणार. त्याने पासपोर्ट मागितला तर पुढे बोला. "पॅन भारताचं आहे ना" असं म्हणाला तर उठा, मग तो सख्खा नातेवाईक का असेना. नातेवाईक असेल तर जास्तच लवकर उठा, कारण त्याची फी देत नाही म्हणून आपण प्रश्नही विचारत नाही.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या आता सांगते. मी सीए नाही. वरचं सगळं जर्मनीचं आहे. अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर यांच्याशी झालेल्या करारांत तांत्रिक सेवेची व्याख्या अरुंद आहे: तुमचं ज्ञान ग्राहकाच्या हाती असं दिलेलं असावं लागतं की पुढे तो ते स्वतः वापरू शकेल. त्यामुळे तिथे राहणाऱ्याचं उत्तर वेगळं येऊ शकतं. दुबईसारख्या ठिकाणी, जिथे वैयक्तिक आयकर नाही, तिथे उलटा पेच आहे. भारतीय नागरिकाचं भारतातून येणारं उत्पन्न १५ लाखांवर असेल आणि दुसरीकडे कुठेच तो कराला पात्र नसेल, तर २०२०-२१ पासून भारत त्याला निवासी मानतो. कलमांचे क्रमांक मी १९६१ च्या कायद्याचे दिलेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा कायदा लागू आहे, त्यात क्रमांक बदललेत, फॉर्मही. सल्लागाराकडून नवे क्रमांक तपासून घ्या.

निघण्याच्या वर्षाचा हिशोब मात्र वेगळा आहे. एप्रिलपासून निघण्याच्या दिवसापर्यंत भारतात १८२ दिवस भरले तर ते पूर्ण आर्थिक वर्ष तुम्ही भारताचे निवासी. २८ सप्टेंबरपर्यंत विमानात बसलात तर १८१ होतात, २९ ला १८२. परदेशी काम करायला जाणाऱ्या नागरिकाला ही १८२ ची मर्यादा मिळते, आणि त्यात स्वतःचा व्यवसायही येतो असा केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय आहे. पण तुम्ही जोडीदार म्हणून जाताय. 'कामासाठी गेला नाही, बायकोसोबत गेला' असं अधिकाऱ्याने धरलं तर १८२ ऐवजी ६० दिवसांची कसोटी लागू शकते, आणि मागची चार वर्षं तुम्ही भारतातच असाल तर ती तुम्हाला नक्की पकडेल. म्हणून ग्राहकांशी नवा करार निघण्याआधी करा आणि त्यात काम जर्मनीतून होणार हे लिहून घ्या. तिकिटाची तारीख कळवलीत तर पहिल्या वर्षाचं पुढे बोलता येईल.