एकूण गुण सारखेच, मग बाई वेगळ्या कशा?

"मॅडम, माझी तीन वर्षं वाया गेली का?" खुर्चीत टेकायच्या आधीच प्रश्न. या बाईंना आपण मेघना म्हणू. पुण्यातल्या एका शाळेत शिकवतात, शिक्षकांच्या बर्नआउटवर पीएचडी करताहेत. कर्वे रोडच्या ट्रॅफिकमधून स्कूटरवर आलेल्या, अंगावर रेनकोट तसाच, पण लॅपटॉप आधी बाहेर. माझ्याकडे संशोधक विद्यार्थी निम्मे आकडेवारीसाठी येतात आणि निम्मे रडायला. बहुतेक वेळा माणसं तीच असतात.

झालं असं, की शोधनिबंध परत आला होता. शेरा होता: 'बर्नआउट बहुमितीय (अनेक पैलूंचं) आहे. त्याचा एकच आकडा कशाच्या आधारावर केला?' गाईड म्हणत होते, अल्फा (प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) छान आहे, लक्ष देऊ नका.

मेघनाने वापरलेली मॅस्लाक आणि जॅक्सन यांची प्रश्नावली 1981ची. 22 विधानं, तीन मिती: भावनिक थकवा, माणसांविषयीचा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही होतंय ही भावना. तिसरी मिती उलट्या दिशेची: तिथे गुण जास्त म्हणजे बर्नआउट कमी. हिने ती उलटवून सगळ्याची बेरीज केली होती. अल्फाचं म्हणाल तर प्रश्न वाढले की तोही वाढतो. 22 प्रश्नांवर तो चांगला आला म्हणून आत एकच गोष्ट आहे असं ठरत नाही. (माझ्या स्वतःच्या प्रबंधात मीही अल्फा असाच मिरवला होता.)

मी म्हटलं, "एकसारखी बेरीज असलेले दोन फॉर्म काढा."

दोन्हीकडे 61. पहिल्या बाईंचे थकव्याचे 48, कोरडेपणाचे 3, उलटवलेल्या तिसऱ्याचे 10. दुसऱ्यांचे 17, 24 आणि 20. मेघना बराच वेळ बघत राहिली. "पहिल्या बाई दमून गेल्यात, पण मुलांवर जीव आहे. दुसऱ्यांना मुलंच नकोशी झालीत. आणि मी दोघींना एकाच रांगेत बसवलं?"

मग मिती आणि बर्नआउट यांचं नातं कसं असू शकतं ते दाखवायला मी कागदावर बाण काढले. ताप असला की अंग तापतं, डोकं दुखतं, तोंडाची चव जाते. कारण एक, खुणा अनेक. बाण तापाकडून खुणांकडे. घरखर्चाचं उलटं. भाडं, किराणा, पेट्रोल मिळून खर्च होतो. भाडं वाढलं म्हणून किराणा वाढत नाही, आणि भाडं वगळलं तर तो घरखर्चच उरत नाही. तिसरी तऱ्हा म्हणजे बेरीजच न करता कोणती मिती जास्त, कोणती कमी, याचा नमुना बघायचा. लॉ, वाँग आणि मोब्ली यांनी 1998मध्ये बहुमितीय कन्स्ट्रक्टची (म्हणजे बर्नआउटसारख्या थेट मोजता न येणाऱ्या संकल्पनांची) साधारण अशीच विभागणी मांडली. "तुमचं यातलं कोणतं?"

"सॉफ्टवेअरच्या नमुन्यात बाण वरून खाली होते, म्हणून तसे काढले."

हे उत्तर मी किती वेळा ऐकलंय!

"पण सेकंड ऑर्डर मॉडेलचा फिट उत्तम आलाय," ती म्हणाली. म्हणजे तिन्ही मितींच्या वर एक मोठा घटक मानणारं मॉडेल जमवलेल्या माहितीशी छान जुळतंय. इथे बरेच जण फसतात. खाली तीनच मिती असतील आणि जास्तीची कुठलीही अट घातली नसेल, तर वर एक मोठा घटक बसवा किंवा तिन्ही नुसत्या एकमेकींशी जोडा, फिट तंतोतंत तोच येतो. म्हणजे वरचा घटक खरोखर आहे की नाही, हे तो फिट सांगूच शकत नाही.

मेघनाचा विषय होता नोकरी सोडण्याचा विचार. थकलेली बाई आणि कोरडी पडलेली बाई एकाच कारणाने नोकरी सोडतील असं तिला स्वतःलाच वाटत नव्हतं. म्हणून तिन्ही मिती वेगळ्या ठेवायच्या, आपसांत जोडायच्या आणि प्रत्येकीचा परिणाम स्वतंत्र तपासायचा, असं ठरलं. मूळ एक्सेलमध्ये 22 रकाने शाबूत होते. नुसती बेरीज जपून ठेवली असती तर मात्र पुन्हा शाळाशाळांत फिरावं लागलं असतं.

पंधरा दिवसांनी फोन आला. गाईडनी विचारलं होतं, एका गृहीतकाची तीन कशी झाली? तिने ते दोन फॉर्म त्यांच्या टेबलावर ठेवले. सर म्हणाले, "चहा घेणार?"