बोटीच्या इंजिनच्या टर्बोत ऑईल येतंय, नवा टर्बो घालावा का?

तुम्ही लिहिलंय की सहा सिलिंडरच्या मशीनला टर्बोच्या हवेच्या पाईपात ऑईल दिसतं, मेकॅनिक म्हणतो "सील गेलं", आणि पावसाळी मासेमारी बंदी उठायच्या आत नवा टर्बो घालावा का. घालू नका. निदान खालचं सगळं तपासल्याशिवाय तरी नको.

"सील गेलं" ऐकलं की माझं डोकं फिरतं. या टर्बोत रबरी सील नसतंच. टर्बोच्या शाफ्टच्या एका टोकाला एक्झॉस्टने फिरणारं टर्बाइनचं चाक असतं, दुसऱ्याला मशीनमध्ये हवा दाबणारं. शाफ्टच्या दोन्ही टोकांना खाचेत एक बारीक लोखंडी रिंग असते, पिस्टनला असते तशी. ती एकटी ऑईल अडवत नाही. मशीन लोडवर असताना चाकांमागचा दाब ऑईलला आत रोखून धरतो, आणि बेअरिंगमधून निघालेलं ऑईल नुसत्या वजनाने ड्रेन पाईपातून खाली संपमध्ये, म्हणजे मशीनखालच्या ऑईलच्या टाकीत, उतरतं. दाब बिघडला किंवा उतार बिघडला की ऑईल रिंगेवरून बाहेर येणारच, टर्बो कालच खोक्यातून काढलेला असला तरी.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात एका ट्रॉलरवर हेच झालं. नवा टर्बो बसवला, बोट बाहेर गेली आणि लगेच निळा धूर. मालकाला सांगण्यात आलं, टर्बो डुप्लिकेट निघाला. दुसरा आणला. तोही गळला. मग कुठे ड्रेन पाईप काढायची बुद्धी सुचली. मूळचा लोखंडी पाईप गंजला म्हणून कोणीतरी तिथे रबरी होज चढवला होता, तोही पाण्याचा. पाण्याचा होज गरम ऑईलमध्ये फुगतो. चिरून पाहिला तर आतला थर सुटून लोंबत होता, १९ मिमीच्या भोकात पेन्सिल जेमतेम गेली असती. शिवाय लांबी जास्त, त्यामुळे मधे झोळ पडून पाईप पुन्हा वर चढत होता. टर्बोतून ऑईल फेसाळून बाहेर पडतं, म्हणून तर ड्रेन पाईप टर्बोला ऑईल आणणाऱ्या फीड पाईपपेक्षा कितीतरी जाड असतो. तो सरळ उतरता हवा, उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कललेला नको.

होज बदलला, तरी थोडं ऑईल येतच राहिलं. कारण डिपस्टिक, म्हणजे ऑईलची लेव्हल बघायची पट्टी. बोटीत मशीन मागे उतरती बसलेली असते आणि पट्टीवरच्या खुणा दुसऱ्याच कोनासाठी मारलेल्या. खूण भरेपर्यंत ऑईल ओतलं, लेव्हल ड्रेनच्या तोंडावर चढली. मग ऑईल उतरायचं कुठे? संप आणि फिल्टर रिकामे करा, मशीनच्या पुस्तकात दिलेले लिटर मोजून भरा, बोट धक्क्याला सरळ असताना मशीन थोडं चालवून बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि पट्टीवर कानशीने नवी खूण करा. पुस्तकात या कोनासाठी वेगळं माप असेल तर तेच घ्या.

आता तुमच्या मशीनकडे. आधी बघा, ऑईल हवेच्या चाकाच्या अलीकडे, फिल्टरच्या बाजूला आहे की पलीकडे. फिल्टरकडचाच पाईप ओला असेल आणि ब्रीदर (क्रँककेसमधली, म्हणजे मशीनच्या खालच्या पोटातली, वाफ बाहेर सोडणारी नळी) त्यात जोडलेला असेल, तर ते ऑईल ब्रीदरचं, टर्बोचा संबंध नाही. फिल्टर तुंबला की चाकाच्या तोंडाशी ओढ वाढते आणि रिंगेवरून ऑईल खेचलं जातं. बऱ्याच डिझेलना पाण्याच्या ६३५ मिमी उंचीएवढ्या दाबाच्या वर ओढ चालत नाही. इंजिनरूममधला दमट धूर खाऊन फिल्टर वरून बरा दिसतो, आतून बसलेला असतो.

मग ब्लो-बाय, म्हणजे पिस्टनच्या रिंगांमधून खाली क्रँककेसमध्ये निसटणारा गॅस. डिपस्टिकच्या नळीला पारदर्शक पाईप लावा, त्याला यू आकार देऊन अर्धं पाणी भरा, फुल लोडला दोन्ही बाजूंतला फरक मोजा आणि पुस्तकाशी ताडून बघा. ब्रीदर साफ असूनही आकडा वर गेला तर रिंगा-लायनर गेले. क्रँककेसमधला दाब ड्रेनला खाली येऊ देत नाही, तिथे नवा टर्बो काय करणार?

एक्झॉस्टच्या बाजूला ऑईल असेल तर मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरचा धूर टर्बोकडे नेणारा पाईप, उघडा. तो ओला म्हणजे ऑईल सिलिंडरमधून येतंय. मॅनिफोल्ड कोरडा आणि फक्त टर्बाइनच्या पुढे ओलं, तर टर्बो किंवा त्याचा ड्रेन. मासळी उतरवायच्या रांगेत तासन्‌तास आयडलवर ठेवलेल्या मशीनमध्ये न जळलेलं डिझेलही तसंच काळं, चिकट दिसतं. तासभर लोडवर चालवून पुन्हा बघा.

शाफ्ट हाताने हलवून "लूज आहे" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. शाफ्टचा बुश (बेअरिंग) ऑईलवर तरंगता असतो, ऑईल नसताना आडवा खेळ लागतोच. डायल गेज लावून मागे-पुढे खेळ मोजा. या साइजच्या टर्बोत तो साधारण ०.१ मिमीच्या आसपास संपायला हवा, नेमकी मर्यादा त्या मॉडेलची. चाक हाउसिंगला घासल्याची खूण असेल तर मात्र टर्बो गेलाच. तेव्हाही आधी फीड पाईप काढून कार्बन बघा, नाहीतर नव्याचंही बेअरिंग जाईल.

काहीही केलंत तरी आफ्टरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा) आणि सगळे हवेचे पाईप उतरवून धुवा. साठलेलं ऑईल मशीनने ओढलं तर ते त्याच ऑईलवर पळत सुटतं आणि डिझेल बंद करूनही थांबत नाही. तेव्हा हवेचं तोंड फळीने बंद करायचं. हात लावायचा नाही.

बसवताना ऑईलच्या पॅकिंगला सिलिकॉन नको, तुकडे सुटून पाईपात अडकतात. फीडच्या भोकातून ५०-६० मिली स्वच्छ ऑईल ओतून चाक हाताने फिरवा, डिझेल तोडून प्रेशर येईपर्यंत क्रँक करा आणि मग तीन-चार मिनिटं आयडल.

हे सगळं ट्रॉलरच्या साइजच्या मशीनबद्दल. मोठ्या जहाजावरच्या जुन्या व्हीटीआर जातीच्या टर्बोला स्वतःचा ऑईल संप आणि सीलिंग एअर असते, तिथे तपासणी वेगळी. डुप्लिकेट टर्बो बाजारात मिळतात हेही खरं. पण बसवल्या दिवशीच ऑईल आलं तर बहुतेक वेळा दुखणं मशीनमध्ये असतं, आणि मिरकरवाड्याच्या त्या मालकाने भंगारात दिलेला पहिला टर्बो चांगलाच होता.