बंपर उघडल्याखेरीज रक्कम ठरवू नकोस

चि. यास अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी रात्री तुझा फोन आला तेव्हा मी सगळे ऐकून घेतले आणि "लिहून कळवतो" एवढेच म्हणालो. या विषयात फोनवर दिलेल्या सल्ल्यातला सोयीचा तेवढा भाग लक्षात राहतो आणि अडचणीचा निसटतो, हे वाहन विम्याचा सर्वेक्षक म्हणून एकतीस वर्षे काम करताना मी पुष्कळ वेळा पाहिले आहे. तू सांगितलेस ते असे: कर्वे रस्त्यावर सिग्नलला तुझी गाडी पुढच्या गाडीला मागून लागली, त्या गृहस्थांनी दहा हजार मागितले, चार हजार तू जागेवरच रोख दिलेस, उरलेले सहा हजार शनिवारी द्यायचे कबूल केलेस, आणि पोलिसांत कोणी जायचे नाही असे दोघांचे ठरले. हे बरोबर झाले की नाही, असा तुझा प्रश्न आहे.

आपसात मिटवण्यात मुळात गैर काही नाही, आणि त्या गृहस्थांनी पैसे मागितले म्हणून ते लबाड ठरत नाहीत, हे आधी सांगतो. समज, त्यांचा मागचा बंपर बदलायला ६,००० रुपये, रंगाला ४,००० आणि मजुरीला १,५०० असे ११,५०० रुपये लागले. त्यांनी स्वतःच्या विम्यातून दावा केला तर बंपर प्लॅस्टिकचा म्हणून घसाऱ्यापोटी (वापराने घटलेल्या किमतीपोटी) निम्मे, म्हणजे ३,००० कापले जातील. रंगाच्या बिलातला चौथा हिस्सा सामानाचा धरून त्यावर निम्मा घसारा, म्हणजे ५०० कापले जातील. आणि १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट १,००० रुपयांची असते. म्हणजे हाती येणार ७,०००. आता दुसरी बाजू पाहा. त्यांना सध्या ३५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात सूट, मिळत असेल आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा मूळ हप्ता ८,००० रुपये असेल, तर पुढच्या वर्षी मिळणारी ४५ टक्के सूट एकदम शून्यावर येते आणि त्यानंतर २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या पुन्हा चढाव्या लागतात. मूळ हप्ता तेवढाच धरला तर पाच वर्षांत ९,६०० रुपये जास्त भरावे लागतात. सात हजार मिळवण्यासाठी साडेनऊ हजार घालवणे कोणालाच परवडत नाही, आणि मागून धडक तू दिलीस तर तो भुर्दंड त्यांनी का सोसावा? ज्याच्याकडे झिरो डेपची, म्हणजे घसारा न कापणारी, पॉलिसी असते त्याचे गणित थोडे वेगळे येते, पण लहान नुकसानीत बहुधा याच दिशेने जाते.

माझी हरकत आहे ती रक्कम रस्त्यावर उभ्या उभ्या ठरवण्याला. हल्लीचा बंपर प्लॅस्टिकचा असतो आणि धक्का बसला की आत दबून पुन्हा जवळजवळ मूळ आकारात येतो. बाहेरून एक ओरखडा आणि नंबर प्लेटचा ठसा एवढेच दिसते. गॅरेजमध्ये चाकाच्या कमानीजवळचे स्क्रू काढून बंपर खाली उतरवला की खरी हकीकत कळते: बाजूचे ब्रॅकेट तुटलेले असतात, आतली लोखंडी आडवी पट्टी मध्यभागी बोटभर आत गेलेली असते, पार्किंग सेन्सरची वायर ओढली जाऊन कनेक्टरमधून निसटलेली असते, आणि डिकीचे झाकण बंद करताना एका बाजूला घासते. याच्या उलटही मी पाहिले आहे. पंचवीस हजारांचा आरडाओरडा झालेल्या गाडीचा बंपर उतरवला तेव्हा आत सगळे शाबूत होते आणि नुसत्या पॉलिशवर काम भागले. म्हणून दहा हजार हा आकडा जास्त आहे की कमी, हे आज ना तुला सांगता येईल ना त्यांना. त्यांना विनंती कर की गाडी गॅरेजला न्यावी, बंपर उघडल्यावर तुलाही बोलवावे, आणि लेखी अंदाजपत्रक घेऊन मगच रक्कम ठरवावी. कंपनीचे वर्कशॉप असो वा ओळखीचा टिंकर, ते त्यांनी ठरवावे. गाडी त्यांची आहे.

पण खरे तर मला गाडीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटते. कोणाला लागले का, असे मी विचारले तेव्हा तू "नाही, त्यांच्या मागच्या सीटवरच्या आजी जरा घाबरल्या होत्या, मान धरून बसल्या होत्या" असे सहज बोलून गेलास. माझे मन त्या वाक्यापाशी अडले आहे.

१९९६ साली साताऱ्यात माझ्या हातून एका लूनावाल्या गृहस्थांना धक्का लागला होता. साठीचे असतील. पडले, लगेच उठले, धोतर झटकले, "काही झालं नाही हो, तुम्ही जा" असे स्वतःच म्हणाले. कोपराला खरचटले होते. मी आग्रहाने पाचशे रुपये त्यांच्या हातात ठेवले आणि निघालो, आणि आपण माणुसकीने वागलो या समाधानात घरी जेवलो. पाचव्या दिवशी त्यांचा मुलगा माझ्या गाडीचा नंबर शोधत दारात उभा राहिला. अंगठ्याच्या बुडाशी मनगटात जे लहानसे हाड असते ते मोडले होते; ते पहिल्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही, आणि पडताना हात टेकला की तेच मोडते. मुलाने पैसे मागितले नाहीत. त्याने एवढेच विचारले की वडील पडले असताना तुम्ही दवाखान्यात न नेता निघून कसे गेलात. मी पाचशे रुपये दिले होते हे उत्तर मला तोंडातून काढवले नाही. माझे नाव त्यांच्याकडे नव्हते, त्यांचे माझ्याकडे नव्हते, आणि ते उपचाराविना राहिले ते माझ्या घाईमुळे.

तेव्हापासून मी स्वतःपुरता नियम केला आणि तुलाही तोच सांगतो: पत्रा, प्लॅस्टिक आणि काच यांचे नुकसान आपसात मिटवावे, शरीराचे कधीही मिटवू नये. मानेला बसलेला झटका त्या वेळी जाणवत नाही; दुसऱ्या दिवशी सकाळी मान वळत नाही. डोक्याला लागलेल्या वृद्ध माणसाची तर दोन-तीन आठवडेही खात्री देता येत नाही. कोणी लंगडते आहे, मळमळते म्हणते आहे, लहान मूल किंवा गरोदर स्त्री गाडीत आहे, अशा वेळी १०८ ला फोन करायचा, डॉक्टरांना दाखवायचे आणि पोलीस ठाण्यात नोंद करायची. इथे दुसरा विचार करायचा नाही.

कायदाही माहीत असू दे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १३४ प्रमाणे अपघातात कोणी जखमी झाले असेल तर त्याला वैद्यकीय मदत मिळवून देणे चालकाचे कर्तव्य आहे, आणि जागेवर पोलीस नसतील तर शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांत, जवळच्या ठाण्यात हकीकत कळवायची असते. त्या कलमात जखमी माणसाबरोबर दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीचाही उल्लेख आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसते. व्यवहारात ओरखड्यासाठी कोणी ठाण्याची पायरी चढत नाही. तरीही कायदा बोट दाखवील तेव्हा "आमचे मिटले होते" हे उत्तर पुरेसे ठरत नाही, याची जाणीव ठेव. स्टेशन डायरीत नोंद करणे म्हणजे गुन्हा दाखल करणे नव्हे, आणि तुला वाटते तितके ते भीतीचेही नाही. उलट, बेदरकारपणे वाहन चालवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खालचा गुन्हा दोन माणसांच्या तडजोडीने मिटत नाही. म्हणून "पोलिसांत जाणार नाही या अटीवर पैसे दिले" असे वाक्य कागदावर कधी लिहू नकोस आणि कोणाकडून लिहूनही घेऊ नकोस. फौजदारी कारवाई दडपण्यासाठी केलेला करार १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे सार्वजनिक धोरणाविरुद्ध, म्हणजे मुळातच रद्द ठरतो. शिवाय असा कागद तुझ्याच विरुद्ध बोलतो. पैसे द्यायचे ते नुकसानीची भरपाई म्हणून, गप्प राहण्याची किंमत म्हणून नव्हे.

समोरचा चालक प्यायलेला असेल, त्याच्याकडे परवाना नसेल, तो अठराच्या आतला असेल किंवा चारजण काच ठोठावून आकडा वाढवत असतील, तर बोलणी करत बसू नकोस, ११२ लाव. गाडी टॅक्सीची किंवा कंपनीची असेल तर चालकाशी ठरवलेले मालकाला बांधील नसते, तेव्हा मालकाशी बोलल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

आता तुझ्या पॉलिसीबद्दल. तिच्या शर्तींमध्ये एक ओळ आहे की विमा कंपनीच्या लेखी संमतीवाचून विमाधारकाने दोष कबूल करू नये, आश्वासन देऊ नये, पैसे देऊ नयेत. ही ओळ कोणी वाचत नाही. तू चार हजार देऊन आणि सहा कबूल करून ती मोडली आहेस. प्रकरण बंपरवर थांबले तर त्याने काही बिघडत नाही, पण उद्या आजींच्या उपचारांचा दावा मोटार अपघातांचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणापुढे उभा राहिला तर तुझ्या वतीने भरपाई देणारी कंपनी हीच ओळ पुढे करू शकते. म्हणून आजच कंपनीला ईमेलने घटनेची तारीख, वेळ, ठिकाण, दोन्ही गाड्यांचे नंबर आणि तुझ्या परवान्याचा तपशील कळव. कळवणे म्हणजे दावा करणे नव्हे. तुझा बोनस दावा केल्यावर जातो, कळवल्याने जात नाही.

शनिवारी भेटायला जाशील तेव्हा साधा कागद ने, स्टॅम्पपेपरचा थाट नको. दोघांची नावे, पत्ते, गाड्यांचे नंबर, घटनेची वेळ आणि जागा, गॅरेजच्या अंदाजपत्रकाची रक्कम, आधी दिलेले ४,००० आणि आता देत असलेले पैसे, आणि "या गाडीच्या नुकसानीपोटी पूर्ण रक्कम मिळाली" असे एक सरळ वाक्य, एवढे पुरे. चूक कोणाची याची चर्चा त्यात नको. रोख देऊ नकोस, यूपीआयने दे आणि शेऱ्यात तारखेसह "वाहन नुकसानभरपाई" असे लिही; रोखच हवी म्हणाले तर पाच हजारांवरच्या पावतीवर एक रुपयाचे महसुली तिकीट लावून सही घे. त्यांच्या गाडीच्या नोंदणीपत्रावरचे मालकाचे नाव जुळते का तेही पाहून ठेव. जागेवरचे फोटो तू काढले नाहीस, हे खरेच वाईट झाले. पुढे कधी वेळ आलीच तर गाड्या हलवण्याआधी दोन पावले मागे जाऊन दोन्ही नंबर प्लेट आणि मागची एखादी दुकानाची पाटी एकाच चौकटीत येईल असा फोटो काढ.

हे सगळे शनिवारचे. आज मात्र हे पत्र वाचून झाल्यावर त्यांना फोन कर आणि पैशांचा विषय न काढता आजींची मान कशी आहे ते विचार. दुखत असेल तर दवाखान्यात तू स्वतः घेऊन जा, आणि तिथून ठाण्यात जायची वेळ आली तर मला बोलव, मी बरोबर येईन. काय म्हणाले ते रात्री कितीही उशीर झाला तरी कळव, मी जागा असेन.

कळावे,
तुझा काका